आधी आजी

सलग आठव्या दिवशी भिंगरीनं तोच खेळ मांडला, तेव्हा ताईनं हातातली कात्री खाली ठेवली आणि ती नीट बघू लागली.

भिंगरी साडेचार वर्षांची. घरात एका जागी टिकत नसे म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव शाळेतही चिकटलं होतं. पण गेले आठ दिवस ही भिंगरी रोज सकाळी चप्पल काढली की थेट भातुकलीच्या कोपऱ्यात जायची. कापडी बाहुलीला चटईवर आडवं करायची. तिचे खांदे हलवायची. मग तिला तशीच टाकून लाकडी शेगडीकडे जायची आणि शेगडीचा कान पिरगाळायची. परत येऊन फ्रॉकच्या टोकानं बाहुलीचं कपाळ पुसायची. स्टूल ओढून फळीवरचा रिकामा डबा काढायची, बोट तोंडात ओलं करून डब्यात बुडवायची आणि बाहुलीच्या तोंडावरून फिरवायची. बाहुलीची मान एका बाजूला वळवायची. आणि मग गुडघे पोटाशी घेऊन नुसती बसून राहायची. हसणं नाही, बडबड नाही.

थोड्या वेळानं "उठली" म्हणायची, सगळं जागच्या जागी ठेवायची आणि बाकीच्या पोरांत जाऊन हुंदडायची.

ताईच्या कमरेला एक छोटी वही खोचलेली असे. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही, हा तिचा नियम. वहीत आठ पानं एकसारखी भरली होती. शेगडी बंद, कपाळ, डबा, बोट, मान. क्रम एकदाही चुकला नव्हता.

यापूर्वी बारा वर्षं ताईनं एका मोठ्या शाळेत चाळीस-चाळीस पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे वाक्य ती झोपेतसुद्धा म्हणत असे, असं तिचा नवरा सांगायचा. या शाळेत ती आली तेव्हा तिनं ते वाक्य उलटं फिरवलं. पोरांनी काय खेळायचं ते पोरं ठरवतील. ताईनं सामान मांडून ठेवायचं, आणि मग हाताची घडी ताईनं घालायची, तोंडावर बोटही तिनंच ठेवायचं. पोरांनी बोलावलं तर जायचं. इजा होईल असं वाटलं तर न बोलावता जायचं. बाकी वेळ बघायचं.

बोलायला सोपं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला एक वर्ष दिलं होतं आणि ते संपत आलं होतं. पालकांची कुरकुर वाढली होती. समोरच्या शाळेतली पोरं शंभरपर्यंत आकडे लिहितात आणि आमची नुसती वाळूत लोळतात, असं एका वडिलांनी फाटकाशी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं. भिंगरीच्या आईनं तर सूचनावहीत लिहूनच ठेवलं होतं. 'मुलीला अजून स्वतःचं नाव लिहिता येत नाही. कृपया लक्ष द्यावे.'

नवव्या दिवशी भिंगरीनं बाहुली बाजूला ठेवली आणि गोट्याला विचारलं, "आजी होतोस?"

गोट्या गोल गुबगुबीत मुलगा. झोपायला मिळतंय म्हटल्यावर तो लगेच चटईवर पसरला. ताई पलीकडे रंग कालवत होती. तिचं अर्धं लक्ष तिकडे होतं, आणि ते अर्धंच होतं हे तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. कारण त्या दिवशी डबा रिकामा नव्हता. भिंगरीनं त्यात अंगणातली ओली वाळू भरून आणली होती.

"तोंड उघड," भिंगरी म्हणाली.

गोट्यानं दात घट्ट मिटले आणि तो खुसुखुसू हसायला लागला.

"उघड ना! आजी, उघड! उघड म्हणते ना!"

तिचा आवाज असा चिरकला की खोलीतली सगळी पोरं गप्प झाली. ताई उठून धावेपर्यंत भिंगरीनं एका हातानं गोट्याचा जबडा खाली ओढला होता आणि दुसऱ्या हातानं वाळू आत सारली होती. गोट्याला ठसका लागला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. ताईनं त्याला उचलून पालथं धरलं, पाठीवर थापा मारल्या, बोटानं तोंड साफ केलं. दोन-तीन क्षण त्याचा आवाजच येईना. मग त्यानं असं भोकाड पसरलं की ताईचा जीव भांड्यात पडला.

भिंगरी वाळूनं माखलेले हात पुढे धरून तशीच उभी होती. "ती उठत नाहीये," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते कळलं नाही.

दुपारी गोट्याची आई येऊन गेली. ती गेल्यावर मोठ्या बाईंनी ताईला आत बोलावलं.

"उद्यापासून तो कोपरा बंद."

"बाई, मला दोन दिवस द्या."

"कशाला? दुसरं पोर गुदमरायला?"

"ती पोर खेळत नाहीये. काहीतरी सांगतेय. आठ दिवस सांगतेय आणि मी नुसतं लिहून घेतेय."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक दिवस. आणि वाळूचा एक कणसुद्धा आत यायला नको."

दुसऱ्या दिवशी ताई भातुकलीच्या कोपऱ्याशी जाऊन उकिडवी बसली.

"मला घेशील खेळायला?"

भिंगरीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला आजी व्हावं लागेल."

"होते की."

"आजीनं बोलायचं नसतं."

ताई चटईवर आडवी झाली. बावीस पोरांच्या वर्गात फरशीवर झोपलेली बाई बघून दोघंतिघं खिदळली, मग आपापल्या खेळाला लागली.

"डोळे मीट," भिंगरी म्हणाली. ताईनं मिटले. "असे नाही. पूर्ण नाही मिटायचे. थोडं पांढरं दिसलं पाहिजे."

हे कुठलंच पोर मनानं रचत नाही. तिनं पापण्या किलकिल्या ठेवल्या आणि ती तशीच पडून राहिली.

छोटे हात खांद्याला लागले. "आजी. आजी." मग शेगडीचा कान फिरल्याचा आवाज. कपाळावरून फ्रॉकचं टोक फिरलं. स्टूल फरशीवरून करकरलं. ओलं बोट ओठांच्या कडेनं गालाच्या आत गेलं आणि हिरडीवरून सावकाश फिरलं. मान वळवली गेली. इतकं हलकं आणि इतकं सराईत, की ताईला स्वतःच्या ऑपरेशननंतरची नर्स आठवली.

मग भिंगरी तिच्या कानाशी वाकली. आठ दिवस लांबून ऐकू न आलेली गोष्ट आता ऐकू आली.

"मी कुणाला नाही सांगितलं, आजी. आईला पण नाही. आता उठ."

ताईनं गप्प राहायला हवं होतं. ते तिला कळत होतं. पण तोंडातून निघून गेलं, "आणि आजी उठलीच नाही तर?"

भिंगरी ताडकन उभी राहिली. "आजी बोलत नसते!" ती ओरडली आणि निघून गेली. दिवसभर ती कोपऱ्यात फिरकली नाही.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, ओल्या बोटाला चिकटते ती साखरच असणार हा ताईचा अंदाजही. "खेळातलं असं मनावर घ्यायचं म्हटलं, तर त्या गोट्याच्या घरी वाघ पाळलेला आहे," त्या म्हणाल्या. पण म्हणता म्हणता त्यांनीच रजिस्टर उघडलं आणि भिंगरीच्या आईचा नंबर काढून दिला.

भिंगरीची आई कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसायची. वडील ट्रक चालवायचे, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी आईची आई असायची आणि भिंगरी तिच्यापाशी. फोनवर मागून माणसांचा गलका ऐकू येत होता.

"ताई, पटकन बोला, रांग लागलीये."

"आजींना चक्कर वगैरे येते का? भिंगरी खेळात रोज आजीला साखर भरवते, म्हणून—"

"साखर?" आईचा आवाज बदलला. "माझ्या आईला शुगर आहे ताई! साखर तिला विषासारखी आहे. आणि ही कार्टी तिला साखर भरवते? तरीच डबा इतका लवकर संपतोय. बघते मी."

"तसं नाही, मला वाटतं त्या—"

"हो साहेब, देते पावती. ताई, ठेवते. बघते मी संध्याकाळी."

फोन बंद झाला. 'बघते मी' हे दोन शब्द ताईच्या मनातून जाईनात, पण त्यात नेमकं काय चुकतंय ते तिला सापडेना. आजीशीच बोलू, असं तिनं ठरवलं.

साडेबाराला आजी न्यायला आली. काटकुळी, स्वच्छ, हातात कापडी पिशवी. ताईनं तिला बाजूला घेऊन विचारलं.

"या वयात जमीनच फिरते, बाई," आजी हसली. मग तिनं भिंगरीकडे पाहिलं. "काय गं, काय सांगितलंस?"

"मी नाही," भिंगरी म्हणाली. आणि तिनं ताईकडे अशी नजर टाकली की ताईला मान खाली घालावी लागली.

आजी नातीच्या चपलेचा पट्टा लावायला वाकली आणि वर न बघताच हळू आवाजात बोलली. "माझी लेक माझ्या भरवशावर नोकरी करते. मी पडते असं तिला कळलं, तर मला थोरल्या मुलाकडे धाडतील आणि या पोरीला दिवसभर पाळणाघरात. तुम्ही यात पडू नका."

"आजी, पण ती साडेचार वर्षांची आहे."

"तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणी आहे ती," आजी म्हणाली आणि नातीचं बोट धरून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली नाही.

साडेनऊला ताईनं घरी फोन लावला. वाजत राहिला. पावणेदहाला पुन्हा. आईचा फोन बंद. मॅनेजर समोर असले की काउंटरवर फोन बंद करून खणात ठेवावा लागतो, हे तिला आईनंच कधीतरी सांगितलं होतं. दहा वाजता गोट्यानं विचारलं, "भिंगरीची आजी आज कोण आहे?" आणि ताईनं हातातली रंगाची वाटी खाली ठेवली.

त्याच क्षणी तिला कळलं, काय चुकलं ते. तिनं आईला साखरेचं सांगितलं होतं. साखरेनं आजी उठते, हे सांगायचं राहून गेलं होतं.

"बाई, मी तिच्या घरी जातेय."

"अकराला संस्थेची माणसं यायचीयेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "वर्ग बघायला. तुमचा वर्ग. आज तुम्ही नसलात तर मी त्यांना काय दाखवू?"

"मावशी आहेत. पोरं खेळतच असतील."

"वर्ग सोडून गेलात तर मला लेखी ताकीद काढावी लागेल."

"काढा," ताई म्हणाली आणि शाळेतल्या सपाता घालूनच बाहेर पडली.

तीन गल्ल्या पलीकडे, खाली सुतारकामाचं दुकान असलेल्या इमारतीत तिसरा मजला. सुतार दारात रंधा मारत होता.

"वरच्या आजी दिसल्या का?"

"रोज या वेळेला कचरा टाकायला उतरतात," तो म्हणाला. "आज काही दिसल्या नाहीत बुवा."

ताई दोन-दोन पायऱ्या चढत गेली. घंटी वाजवली. दार ठोकलं. आतून अनवाणी पावलांचा आवाज आला आणि दाराशी थांबला.

"भिंगरी, मी ताई. दार उघड बाळा."

ताईनं पुन्हा ठोकलं.

"भिंगरी?"

"आजी म्हणते, कुणाला दार उघडायचं नाही."

ताई जिन्याच्या फरशीवर आडवी झाली आणि दाराखालच्या फटीला गाल लावला. दोन छोटी पावलं दिसली. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता.

"आजी कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. खाली."

"घाम आलाय?"

"खूप."

"गॅस?"

"मी बंद केला."

"आणि साखर?"

पावलं हलली नाहीत. मग आवाज आला. त्यात रडू नव्हतं, राग होता. "आईनं डबा वरच्या कपाटात ठेवला. स्टुलावर चढले तरी हात पुरत नाही. तू सांगितलंस ना."

पडल्या पडल्या ताईनं रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्या माणसानं पत्ता दोनदा विचारला. गाडी यायला वीस मिनिटं, तो म्हणाला. मग तिनं जिन्यातून सुताराला हाक मारली. तो पटाशी आणि हातोडा घेऊन धापा टाकत वर आला. त्यानं दाराला खांदा लावून पाहिला.

"वरची कडी आतून लावलीये. सागवानी दार आहे, ताई. बिजागऱ्या काढायच्या तर दहा-बारा मिनिटं जातील. त्या पोरीला सांगा ना स्टूल आणायला!"

ताईनं तेच सांगितलं. "भिंगरी, स्टूल इथे आण राजा. वरची कडी काढ. मी आत येते."

"आधी आजी," भिंगरी म्हणाली.

"अहो, ओरडा तिच्यावर!" सुतार कुजबुजला. "पोर आहे ती. दरडावलं की ऐकेल."

ताईच्या ओठांवर ते आलंच होतं. बारा वर्षांचा तो जुना आवाज घशाशी तयार होता. तो आवाज निघाला असता तर चाळीस पोरं जागच्या जागी थिजली असती. आणि भिंगरीही थिजली असती. नेमकी तीच भीती होती. दाराच्या आत एकच जण असं होतं ज्याला काय करायचं ते ठाऊक होतं, आणि त्याचा पाय ताईच्या ओरडण्यानं अडखळला असता, तर मग कुणीच नव्हतं.

सुतारानं पटाशी लावली. ताईनं त्याचं मनगट धरलं. "एक मिनिट. आवाज नको."

मग फटीतून म्हणाली, "बरं. आधी आजी. घरात अजून गोड काय आहे?"

पावलं स्तब्ध. ताईनं मनात आकडे मोजायला सुरुवात केली. वर्गात ती रोज दहापर्यंत मोजायची, मगच बोलायची. पाच. सहा. आजीच्या श्वासाचा आवाज येतो का म्हणून तिनं कान दिला. आला नाही. आठ. नऊ. दहा झाले. तिनं पुढे मोजलं. चौदाला पावलं वळली आणि धावत गेली.

फ्रिज उघडल्याचा आवाज. काहीतरी गडगडलं. पावलं परत आली.

"जॅम आहे. झाकण उघडत नाही."

काचेची बाटली. ताईच्या डोळ्यांसमोर काचा आल्या, रक्त आलं. 'आपटू नकोस' हे शब्द तिनं दातांखाली दाबून धरले. कारण आपटायचं भिंगरीच्या डोक्यात नसलं, तर या शब्दांनीच ते शिरलं असतं.

"काय काय करून बघितलंस?" तिनं विचारलं. हा प्रश्न ती वर्गात दिवसातून वीस वेळा विचारायची. आज आवाज तसाच राहावा म्हणून तिला फरशीत नखं रोवावी लागली.

"दोन्ही हातांनी. फ्रॉकनं."

"मग आता?"

सुतार भिंतीला टेकून डोळे मिटून उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

"आजी चमच्यानं करते," भिंगरी स्वतःशीच म्हणाली. पावलं गेली. खण ओढला गेला. धातूचा काचेवर खरखर आवाज. एकदा. दोनदा. थांबला. पुन्हा. आणि मग स्पष्ट 'टक्'.

"थोडंच हं!" ताईनं न राहवून फटीतून सांगितलं. "गालाच्या आत—"

"मला माहितीये," आतून उत्तर आलं.

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. खाली रस्त्यावर एक स्कूटर सुरू होत नव्हती, तिची किक पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. सुतारानं बिजागरीकडे खूण करून विचारलं आणि ताईनं होकारार्थी मान हलवली. तो बिजागरीच्या स्क्रूला लागला. पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजलेला होता. ताई तशीच गाल टेकून पडून होती. आपण या पोरीला जे करू दिलं ते बरोबर की चूक, याचा निवाडा आता त्या दारामागे चालला आहे, आणि तो उलटा लागला तर जन्मभर आपल्याला कुणी काही विचारायचीसुद्धा गरज नाही, असं तिला वाटत होतं.

मग स्टुलाचे पाय फरशीवरून करकरत आले. दाराला धडकले. धाप ऐकू आली. कडी वर सरकली, अडकली, पुन्हा सरकली. दार उघडलं.

भिंगरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ताईला आधी ते रक्तच वाटलं, मग वास आला. जॅम होता.

आजी ओट्याच्या खाली कुशीवर होती. मान बाजूला, हनुवटीवर लाल ओघळ, कपाळावर ओला मोजा. ताई गुडघ्यांवर बसली आणि तिनं नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. आजीच्या पापण्या हलल्या. नजर भिरभिरत आली आणि नातीवर थांबली.

"उठली," भिंगरी म्हणाली. आणि मग मात्र ती चटकन खाली बसली आणि थरथर कापायला लागली. सुतारानं आपला शर्ट काढून तिच्याभोवती गुंडाळला.

रुग्णवाहिकेतल्या माणसानं आजीच्या बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि हातात सलाइन लावली. "तोंडात काय दिलंत?" त्यानं ताईला विचारलं.

ताईनं भिंगरीकडे बोट केलं.

"जॅम," भिंगरी म्हणाली. "थोडाच."

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. दोन महिन्यांपूर्वी आजीच्या गोळ्या वाढवल्या होत्या, आणि आजीचं जेवण कमी झालं होतं. सकाळी गोळी घेऊन ती नातीचं आवरायला लागायची आणि स्वतः खायचं विसरायची. शुगर इतकी खाली जायची की शुद्ध हरपायची. सहा-सात वेळा तरी झालं असणार. पहिल्या वेळी आजीनं अर्धवट शुद्धीत साखर मागितली होती. पुढचं भिंगरी आपण होऊन शिकली होती.

भिंगरीची आई ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून धावत आली. सगळं ऐकल्यावर ती बाकावर बसली.

"डबा मी वर ठेवला," ती म्हणाली. "काल रात्री. पोरीला दोन धपाटेही घातले. ती म्हणत होती, खाली राहू दे, खाली राहू दे. मला वाटलं, चोरून खायला हवीये."

"मी तुम्हाला अर्धंच सांगितलं," ताई म्हणाली.

"हो," आई म्हणाली. तिनं ताईकडे सरळ पाहिलं. "अर्धंच सांगितलंत. शाळा सुटल्यावर माझ्या ऑफिसात यायचं होतंत. मी कितीही तोडून बोलले असते तरी उभं राहून सांगायचं होतंत."

ताईनं ते ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं. थोड्या वेळानं आईनंच पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली.

शाळेत परतली तेव्हा दोन वाजून गेले होते. संस्थेची माणसं येऊन गेली होती. मोठ्या बाईंनी टेबलावर एक कागद सरकवला. कामाच्या वेळेत विनापरवानगी वर्ग सोडल्याबद्दल ताकीद.

"सही करा."

ताईनं सही केली.

"म्हातारी कशी आहे?" कागद फायलीत लावत मोठ्या बाईंनी विचारलं.

"वाचली."

"त्या लोकांनी तासभर वर्ग बघितला," मोठ्या बाई म्हणाल्या. "मावशी नुसती बसून होती आणि पोरं आपापली कामाला लागली होती. एकानं विचारलं, इथली शिक्षिका कुठे आहे? मी म्हटलं, कामावर." त्यांनी फाईल मिटली. "वर्ष वाढवतील की नाही, माहीत नाही. पण ताकीद मी मागे घेणार नाही."

"घेऊ नका," ताई म्हणाली.

आजीला थोरल्याकडे धाडलं नाही. गोळ्या कमी झाल्या, खाण्याच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजला लागल्या. सुताराची बायको रोज दहाला वर जाऊन चहा पिऊन यायची. साखरेचा डबा भिंगरीच्या हाताला येईल अशा फळीवर आला आणि शेजारी खालच्या दुकानाचा नंबर मोठ्या आकड्यांत आला. भिंगरीनं तो आठवड्यात पाठ केला.

पण ती शाळेत आली ती ताईशी अबोला धरूनच. पहिले दोन दिवस ताईनं हाक मारून पाहिली. मग तिनं ते सोडलं. भिंगरी भातुकलीच्या कोपऱ्याकडे वळली नाही. ती अंगणात पाण्याशी खेळायची. डबा भरायची, गळका मग बोटानं बंद करायची. पाणी प्यायलासुद्धा ती मावशीकडे मागायची. ताई लांब बसायची. घरी जाताना तिला गळून गेल्यासारखं व्हायचं. त्या दाराबाहेरची वीस मिनिटं एकदाची संपली होती, हे संपत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, भिंगरी ओल्या फ्रॉकनं तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी नव्हतं सांगितलं. तू सांगितलंस."

"हो," ताई म्हणाली. "मी सांगितलं."

'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द जवळच होते. तिनं ते उचलले नाहीत.

"आईनं मला मारलं."

"ते माझ्यामुळे झालं."

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. ताईनं नजर हलवली नाही. फाटकाशी कुणाची तरी आई आपल्या पोराला निरोप देत होती, मावशी झाडू आपटत होती.

"पण आजी म्हणते, बरं झालं सांगितलं," भिंगरी शेवटी म्हणाली. "मी नाही म्हणत."

"बरं."

"मी नाही म्हणत," तिनं पुन्हा सांगितलं, ताईला नीट कळलंय ना याची खात्री करून घेतल्यासारखं. मग ती अंगणात गेली आणि रबरी नळीचं एक टोक ओढत घेऊन आली. तिला नळाचं पाणी भिंतीपलीकडच्या खड्ड्यात न्यायचं होतं आणि नळी मध्येच खाली लोंबत होती.

"हे धर," ती म्हणाली. "वर. अजून वर. हलवायचं नाही."

ताईनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि नळी धरली. भिंगरी नळाकडे पळाली.